घाटीत अडणारी लक्ष्मी

आत्माराम शिवलकर अठरा वर्षं आगबोटीच्या पोटात राहिला. त्याने जग पाहिलं असं रत्नागिरीच्या मांडवीतले लोक म्हणत. त्याला विचाराल तर त्याने फक्त इंजिन पाहिलं. एडन आलं की वरून कुणीतरी ओरडून सांगायचं, एडन आलं, आणि हा खाली तेलाची बुदली हातात धरून मशिनला कान लावून उभा असायचा. आधी आगवाला, मग तेलवाला, अशी त्याची चढती कमान. त्या कमानीतून त्याला दोन गोष्टी मिळाल्या, एक खोकला आणि दुसरा कान. खोकला झाला म्हणून कंपनीने त्याला घरी पाठवलं. कान मात्र त्याच्याजवळ राहिला. चालत्या मशिनमध्ये काय कमी आहे आणि काय जास्त आहे हे त्याला माणसांच्या बोलण्यापेक्षा लवकर कळायचं.

या अठरा वर्षांत त्याची बायको सगुणा हिच्या वाट्याला नवरा आला तो दर दोन वर्षांनी दीड महिना. मालन नावाची एक मुलगी झाली, वाढली, लग्न होऊन सासरी गेली. बापाने ही तिन्ही कार्यं पत्रातून साजरी केली. त्यामुळे आत्माराम कायमचा घरी आला तेव्हा सगुणाला आधी हा पाहुणा किती दिवस राहणार तेच कळेना. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दोन महिने झाले. मग एके दिवशी तिने त्याच्यासाठी ओटीवर वेगळा पाट करून घेतला आणि शेजारणीला सांगितलं की आता माणूस घरात असतो. ते सांगताना तिचा चेहरा कसा झाला होता हे शेजारणीने पुढे कित्येक दिवस सगळ्यांना करून दाखवलं.

आत्मारामचंही ठरलं होतं. समुद्र बघायचा तो यापुढे वाळूत उभं राहून. पण त्यासाठी जमिनीवर नोकरी हवी, आणि इंजिनाशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. शेती करायला गेला तर बैल त्याच्याकडे दयेने बघत. एकोणीसशे एकतीस साली रत्नागिरीत माल वाहणारी मोटार बाळगण्याचा शहाणपणा एकाच बागाइतदाराने केला होता. ते म्हणजे दत्तात्रेयपंत, सगळ्या गावाचे अण्णा.

अण्णा म्हणजे सुधारलेला माणूस. इंटरपर्यंत शिकलेले, वाचनालयाचे चिटणीस. महिन्यातून एकदा वाचनालयात त्यांचं व्याख्यान असे. विषय बदलत असे पण मजकूर एकच: भौतिक शास्त्र कुठे गेलं आणि आपण कुठे बसलो. अंगारा, धुपारा, कौल, गाऱ्हाणं यांचा त्यांना विलक्षण तिटकारा. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम पुढे जायचे, आणि पुढे गेल्याचं निदान चार लोकांना सांगायचे. घरात मात्र त्यांच्या मातोश्री आनंदीबाईंचं राज्य होतं. त्यांच्या देवघरात अंगाऱ्याचं चांगलं शेरभर मापाचं डबडं भरलेलं असे. गाईचं दूध आटलं, अंगारा. आंब्याचा मोहोर गळला, अंगारा. बैल शिंकला तरी अंगारा. अण्णा म्हणत, आई जुन्या वळणाची, तिचं आपण मनावर घेत नाही.

मोटार त्यांनी कोल्हापूरला लिलावात घेतली. महायुद्धातली लष्करी लॉरी, म्हणजे जर्मनांनी जी मारायची राहिली तीच. अण्णांनी तिला हिरव्या रंगाचे तीन हात दिले, पुढे पिवळ्या अक्षरांत ‘लक्ष्मी’ असं लिहून घेतलं आणि नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा या म्हणीला एक नवं उदाहरण मिळवून दिलं. रंगारी मोठा मन लावून काम करणारा निघाला. चाकाच्या नटांपासून सीटखालच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणापर्यंत त्याने एक जागा रंगावाचून ठेवली नाही.

लक्ष्मीचं काम एकच होतं. अण्णांची बाग शहरापासून सात मैलांवर. तिथून आंब्याच्या करंड्या भरायच्या आणि मुंबईची आगबोट सुटायच्या आत मांडवी बंदरावर पोचवायच्या. आगबोट कुणासाठी थांबत नाही. पडावातून, म्हणजे बंदरावरच्या होडीतून, माल तिच्यावर चढला तर तो आंबा, आणि बंदरावर राहिला तर दोन दिवसांनी उन्हात आंबापोळीची साटं घालायचा रस. बाग आणि बंदर यांच्या मध्ये पिंपळाची घाटी होती. लाल, खडी आणि कातळ उघडा पडलेली. लक्ष्मी नेमकी तिथे अडायची.

पहिल्याच आठवड्यात आत्मारामने एक रोग ओळखला. लक्ष्मीची टाकी सीटखाली आणि इंजिन पुढे. पेट्रोल आपल्या वजनाने वाहत कार्बुरेटरपर्यंत जायचं. मोटार चढाला लागली की नाक वर होई, आणि टाकी अर्धी असेल तर पेट्रोल मागेच बसून राही. आत्मारामने उपाय काढला. घाटीच्या पायथ्याशी तो मोटार फिरवायचा आणि उलटी चढवायचा. लक्ष्मी जगाला पाठ दाखवून वर जाते हे बघायला रस्त्याकडेच्या वाडीतले लोक कामं टाकून येत. आनंदीबाईंना हे ऐकून वाईट वाटलं. लक्ष्मीने पाठ दाखवणं काही बरं नव्हे, त्या म्हणाल्या. अण्णांनी त्यांना गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि वाती वळायला बसल्या.

पण उलटी चढूनही लक्ष्मी अडायला लागली तेव्हा आत्माराम चक्रावला. मोटार तीन-चार मैल झकास धावायची. मग इंजिनाचा आवाज बारीक व्हायचा, एखादा माणूस बोलता बोलता विचारात पडावा तसा, आणि गप्प. आत्माराम खाली उतरायचा, ठिणगी बघायचा, ती असायची. पेट्रोल आहे का म्हणून टाकीचं झाकण काढून आत काठी घालायचा, पेट्रोल असायचं. हँडल मारायचा आणि बाई सुरू. म्हणजे वैद्य आला की ताप उतरलेला. रोग सापडेना आणि आगबोट एकदा चुकली.

मग दुसरं दुखणं वर आलं. आता लक्ष्मी अडली की झाकण काढूनही सुरू होईना. कार्बुरेटर उघडावा लागे. त्याच्या आत पितळेचं सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यातून पेट्रोल उडतं आणि हवेत मिसळतं. ते भोक बुजलेलं असे. आत्माराम ते तोंडाने फुंकून साफ करी आणि पुढच्या खेपेला ते पुन्हा बुजे. आगबोट आणखी दोनदा चुकली. अण्णांच्या आंब्यांचा वास बंदरावर इतका सुटला की कस्टमचे शिपाई फाटकाशी बसून भाकरी न खाता नुसता वास घेत. अण्णांनी आत्मारामला बोलावून नीट, सुधारलेल्या भाषेत सांगितलं. आधीच्या खेपांसारखेच शनिवारीही आपण बरोबर येऊन बघणार. शनिवारी आगबोट चुकली तर कोल्हापूरहून मिस्त्री बोलावू, आणि आत्मारामने आपली सोय बघावी.

त्याची सोय म्हणजे पुन्हा आगबोट. सगुणाला त्याने हे सांगितलं नाही. तिने न सांगता ओळखलं, कारण त्या दिवशी त्याने माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी खाली काढून तिची बिजागरी तपासली होती. तिने पेटीवर भाताची कणगी ठेवली. ती हलवायला दोन माणसं लागली असती.

शुक्रवारी आत्मारामने टाकीखालची गाळाची वाटी सोडवली. पेट्रोलमधली घाण खाली बसावी म्हणून तिथे एक लहानशी वाटी असते. तिच्यात करड्या रंगाचा चिखल निघाला. वाळू नव्हे, गंज नव्हे. बोटांत चोळला तर मऊ, पिठासारखा. आत्मारामने तो पानावर पसरून उन्हात वाळवला आणि बघत बसला. राख. मोटारीच्या पोटात राख.

आता राख काही आपल्या पायाने चालत टाकीत जात नाही. आत्मारामचा संशय सरळ रावजीवर गेला. रावजी हा बैलगाडीवाल्यांचा पुढारी. लक्ष्मी येण्याआधी अण्णांचा माल त्याच्या गाड्यांतून बंदरावर जायचा. आत्माराम तसाच त्याच्या गोठ्यावर गेला आणि राखेचं पान त्याच्यापुढे धरलं. रावजीने ते शांतपणे पाहिलं, तंबाखू थुंकला आणि म्हणाला की बाबा रे, तुझी मोटार अडली की माल माझ्याच गाड्यांत चढतो, आणि अडलेला म्हणून दीडपट भाडं मिळतं. ती आपल्या गुणाने अडत असताना मी राख कशाला फुकट घालवू? माझी बायको भांडी कशाने घासेल? हे बोलणं इतकं व्यवहाराचं होतं की आत्मारामला पटलं.

शनिवारी करंड्या चढल्या. अण्णा पांढरं धोतर, काळा कोट आणि हातात घड्याळ अशा शास्त्रीय तयारीने त्याच्याशेजारी सीटवर बसले. बागेतल्या बायका बांधाशी उभ्या राहून बघत होत्या. करंड्यांत पेंढा भरायला सगुणाही होती. तिने मोटारीला ओझरता नमस्कार केलेला आत्मारामने आरशात पाहिला. लक्ष्मी नीट निघाली. घाटीच्या पायथ्याशी त्याने ती वळवली आणि उलटी चढवायला घेतली. निम्म्या चढावर तिचा आवाज बारीक झाला. तिसऱ्या वळणावर ती अडली.

बंदर तिथून अडीच मैल. आगबोटीला तासाभराचा अवकाश. आत्मारामने चाकांपुढे उताराच्या बाजूला दगड लावले, अण्णांना खाली उतरून सावलीत उभं राहायची विनंती केली आणि हत्यारांची पिशवी घेऊन मोटारीखाली सरकला. गाळाची वाटी सोडवून तो पडल्या पडल्या कान देऊन होता. वरती सीटची गादी उचलल्याचा आवाज आला. मग झाकणाचे आटे फिरले. आणि मग एक आवाज आला तो त्याच्या कानाने अठरा वर्षं ओळखीचा असल्यासारखा पकडला. ‘सुस्स.’ टाकीत हवा शिरत होती. बाहेरून आत. म्हणजे इतका वेळ आत हवा नव्हती.

घासलेटच्या डब्याला आपण एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं पाडावं लागतं हे सगुणालाही ठाऊक. टाकीच्या झाकणालाही तसंच हवेचं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही. तीन हात रंग देणाऱ्या त्या मन लावून काम करणाऱ्या रंगाऱ्याने ते बुजवलं होतं. इतके दिवस आत्माराम काठी घालायला झाकण काढायचा, हवा आत जायची आणि रोग पळायचा. त्याला तिथेच पडल्या पडल्या हसू आलं. तेवढ्यात उघड्या वाटीतून ठिबकणाऱ्या पेट्रोलबरोबर एक करडी धार त्याच्या तळहातावर उतरली. ताजी.

तो बाहेर सरकून उभा राहिला. अण्णा सीटवर गुडघे टेकून टाकीवर वाकले होते. त्यांच्या एका हातात झाकण होतं आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. ओठ पुटपुटत होते. ते पुटपुटणं भौतिक शास्त्राचं नव्हतं.

रस्त्याकडेच्या करवंदीच्या जाळीत कसलासा पक्षी ओरडत होता.

“आईच्या समाधानासाठी हो,” अण्णा म्हणाले.

“आई घरी हायत, अण्णा,” आत्माराम म्हणाला. “पुडी तुमच्या हातात हाय.”

मग अण्णांनी सगळं सांगितलं, आणि सांगितलं तेही पुराव्यासकट, कारण सवय वाईट. पहिल्यांदा मोटार अडली तेव्हा आत्माराम पाणी आणायला विहिरीवर गेला होता. आईने खिशात कोंबलेली पुडी होती. चार लोक बघत नव्हते. त्यांनी झाकण काढून चिमूटभर टाकली, आत्मारामने येऊन हँडल मारलं आणि मोटार चालू. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. प्रयोग करावा, निरीक्षण करावं, निष्कर्ष काढावा, हे व्याख्यानात त्यांनीच लोकांना शिकवलं होतं. त्यांनी प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला. पुढे मोटार जास्त अडायला लागली तेव्हा त्यांनी अंगाराही वाढवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते खोटं नाही, पण इथे पाषाणही कोरडा नव्हता, पेट्रोलमध्ये भिजलेला होता.

आत्मारामने करवंदीचा एक काटा तोडला. झाकण उलटं धरून रंगाचा पापुद्रा टोचला आणि भोकातून आकाश दिसतं ते अण्णांना दाखवलं. मग तळहातावरचा करडा चिखल दाखवला. एक भोक रंगाने बुजलं आणि दुसरं देवाने, एवढंच तो म्हणाला. अण्णांना शास्त्र ताबडतोब कळलं. त्यांचा चेहरा असा झाला की आत्मारामला त्यांची दया आली, आणि ही दया त्याला पुढे महागात पडली.

कारण अण्णांनी त्याचा हात धरला. गावाला हे कळलं तर आपल्याला वाचनालयाची पायरी चढता येणार नाही, ते म्हणाले. आत्माराम गप्प राहील तर लक्ष्मी चालेल तोवर आणि लक्ष्मी मेल्यावरही त्याची नोकरी जाणार नाही. आत्मारामला दुसरं काय हवं होतं? त्याने मान हलवली. पण अण्णांना मानेवर भरवसा वाटेना. देव न मानणाऱ्या त्या गृहस्थाने त्याला ग्रामदेवता भैरीची शपथ घातली. मोडलीस तर वाचा जाईल, असंही वर सांगितलं. आत्मारामचा भैरीवर भरवसा होता. त्याने शपथ घेतली, कार्बुरेटर सोडवला, पितळेचं भोक फुंकून मोकळं केलं, टाकीतला तळाचा गढूळ भाग रस्त्यावर सोडून दिला आणि हँडल मारलं. लक्ष्मी जी ओरडली ती बंदरापर्यंत थांबली नाही.

शेवटचा पडाव सुटायच्या बेतात होता. करंड्या हातोहात चढल्या. आगबोटीचा भोंगा झाला आणि अण्णांचा आंबा मुंबईला निघाला. बंदरावर माणसं जमली होती. तीन खेपा आंबे कुजलेले सगळ्यांनी हुंगले होते, त्यामुळे मोटारीला काय झालं होतं हे जाणण्याचा आपला हक्क आहे असं त्यांना वाटत होतं. अण्णांनी घसा साफ केला. आत्मारामला वाटलं, आता रंगाऱ्याचं नाव घेतील. अण्णा म्हणाले की काही नाही हो, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. पेट्रोल गाळायला घरातलं चुलीजवळचं फडकं वापरायचा, त्यातली राख जायची टाकीत. मी शोधून काढलं. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तर असं, सफाईने. माणसं आत्मारामकडे बघायला लागली. ज्या कानासाठी त्याला सगळं बंदर मान द्यायचं तो कान त्या क्षणी कुणाच्या लक्षात नव्हता. आत्मारामने मान खाली घातली. घरी राहायचं होतं ना, मग एवढं भाडं पडणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण अपमान झाला तो झाला, आणि तो त्याला चांगलाच झोंबला.

ही बातमी सगुणाला विहिरीवर मिळाली. तिथे बातमी पाण्याआधी भरते. नवऱ्याची चूक झाली हे ती एक वेळ ऐकून घेती. पण चुलीजवळचं फडकं? तिच्या घरातलं? ज्या बाईने अठरा वर्षं एकटीने घर चालवलं आणि चुलीपुढची जमीन अशी सारवली की वर भात सांडला तरी उचलून खावा, तिच्या फडक्यात राख? तिने कळशी खाली ठेवली. “आमच्या फडक्यातली नाय, ती राख त्यांच्या देवघरातली,” ती म्हणाली. “बैल शिंकला तर अंगारा लावणारी माणसां ती. मोटारीत अण्णांनीच टाकला आसंल.”

याला तिच्याजवळ पुरावा काय, तर राग. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण बायकांना ते इतकं आवडलं की पुढचं कामच उरलं नाही. दुपारपर्यंत ते मांडवीत फिरलं, तिन्हीसांजेला मिरकरवाड्यात मासळीच्या पाट्यांबरोबर पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं तेव्हा समोरचे तिघे एकदम खोकले.

अण्णा तसेच उठून आत्मारामच्या अंगणात आले. आत्माराम बाहेर आला. सगुणा दाराआड उभी होती; तिला चेहरे दिसत होते, शब्द पोचत नव्हते. ही गोष्ट कुणी फोडलीन, एवढंच अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं. आत्मारामनेही तसंच हळू खरं ते सांगितलं: मी शपथ मोडली नाही, बायको रागात बोलली, तिला काही ठाऊक नाही. अण्णांनी माडाकडे बघत मनात बेरीज-वजाबाकी केली. ते हिशेबी माणूस होते. आत्मारामला काढून टाकावं तर लोक म्हणणार, खरं होतं म्हणून काढला. ठेवावं तर लोक म्हणणार, बघा, थट्टा होती. त्याला ठेवणं भाग होतं, आणि नुसता ठेवून भागणार नव्हतं. तो हसतमुखाने गावातून मोटार हाकताना सगळ्यांना दिसायला हवा होता. अण्णांनी मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, उद्याची खेप लवकर आहे म्हणून बजावलं आणि निघून गेले. अशी आत्मारामची नोकरी पक्की झाली. कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही नोकरीला इतका भक्कम पाया मिळाला नसेल.

हंगाम संपला, आगबोटी बंद झाल्या, लक्ष्मी माडाच्या झापांच्या मांडवाखाली झोपली आणि आत्माराम ओटीवरच्या आपल्या पाटावर बसला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. पण दाराआडून सगुणाने त्या दिवशी अण्णांचा उतरलेला चेहरा पाहिला होता, आणि तो तिच्या मनातून जाईना. ज्यांच्या हातून आपल्या घरात अन्न येतं त्या भल्या माणसावर आपण रागाच्या भरात नसता आळ घेतला. ते बिचारे दारात येऊन ओरडलेसुद्धा नाहीत. नवऱ्याला नोकरीवर ठेवलं. तिने भैरीला गाऱ्हाणं घातलं आणि प्रायश्चित्त म्हणून सोमवार धरले. साधे नव्हेत, पाणीदेखील न पिता. किती सोमवार, तर मनावरचं ओझं उतरेपर्यंत.

आत्मारामने पहिल्या सोमवारी तिला कारण विचारलं आणि तिने ते सांगितलं. तो तोंड उघडून परत मिटून बसला. शपथ होती. भैरीची होती. आणि नोकरीही होती. त्याने मनात म्हटलं, दोन-चार सोमवार करील आणि सोडील. दुसऱ्या सोमवारी तिने त्याला वाढलं आणि समोर बसून वारा घातला. तो जेवला. तिसऱ्या सोमवारी लावणी सुरू झाली. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून ती संध्याकाळी घरी आली, चूल पेटवली, भात रांधला, कुळथाची पिठी केली आणि त्याला वाढली. घास त्याच्या घशाखाली उतरेना, पण उतरला. माणसाचा घसा मोठा सोशिक असतो. असे सहा सोमवार गेले. इंजिनातला श्वासाएवढा बारीक फरक ऐकणारा हा माणूस, घरात बायकोचा आवाज आठवड्याला एकेक सूत खाली जातोय हे ऐकत होता आणि गप्प होता.

सातव्या सोमवारी शेजारच्या खाचरातल्या राहीने आणि तिच्या सुनेने सगुणाला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. ती लावता लावता चिखलात बसली होती आणि तिला उठता आलं नव्हतं. राहीने पाणी पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं. आज सोमवार, ती म्हणाली. त्या दोघी गेल्यावर ती भिंतीला धरून उठली आणि चुलीकडे निघाली, कारण नवऱ्याचं जेवण व्हायचं होतं. आत्मारामने तिला खाली बसवलं. सकाळचा भात होता तो त्याने स्वतः ताटात घेतला, वर पिठी ओतली आणि ताट आपल्यापुढे ठेवलं. मग जेवेना.

“सगुणा, जेव,” तो म्हणाला. “तू खोटां बोलली नायस. अंगारा अण्णाच टाकायचे. मी ह्या डोळ्यांनी बघितलाय.”

बोलून झाल्यावर त्याने जीभ हलवून पाहिली. वाचा होती. शपथ मोडली होती, बाहेर पाऊस पडत होता आणि भैरीने काही केलं नव्हतं. सगुणा त्याच्याकडे बघत होती.

“कवापासून ठाव हाय तुमाला?”

“त्या शनिवारपासून.”

“म्हंजे सात सोमवार मी उपाशी,” सगुणा म्हणाली, “आन् तुमी माझ्यासमोर बसून जेवलाव.”

नोकरीसाठी, असं म्हणता आलं असतं. तुझ्याजवळ राहता यावं म्हणूनच, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण ते शब्द तोंडात आले तेव्हा आत्मारामला स्वतःलाच त्यांची लाज वाटली. सगुणा आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग तिने त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं आणि जेवायला लागली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत.

गोष्ट खोटी वाटत होती तोवर सगुणा ती विहिरीवर उभी राहून सांगून आली होती. खरी आहे हे कळल्यावर मात्र तिने ती कधी ओठांबाहेर काढली नाही. अण्णांची व्याख्यानं पुढे चालू राहिली आणि लक्ष्मी आणखी आठ हंगाम बंदरापर्यंत धावली. आत्मारामने त्यानंतरचे सात सोमवार पाण्यावाचून धरले. का, ते मांडवीत कुणाला कळलं नाही. सगुणाला ठाऊक होतं, आणि सातांपैकी एकाही सोमवारी ती त्याला जेवा म्हणाली नाही.